उचललं तर

पडद्यावर पिवळं दिसलं तेव्हा शिवहारला आधी वाटलं, टीव्हीच बिघडला. त्याच्या खोलीवरच्या टीव्हीतही कधीमधी असाच एखादा रंग सगळ्यांच्या तोंडावर चढायचा आणि बाजूला थाप मारली की उतरायचा. इथं थाप मारायला हात मोकळा नव्हता. हिंगोलीतल्या त्या दवाखान्यात तो डाव्या कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी, दातांत प्लास्टिकचं कडं, कड्यातून आत गेलेली करंगळीएवढी काळी नळी, गालाखाली स्टीलचा ट्रे आणि ट्रेमध्ये त्याचीच लाळ, तारेसारखी, न तुटता. नळीच्या टोकाला डोळा होता आणि त्या डोळ्याला जे दिसे ते भिंतीकडच्या टीव्हीत दिसे, एवढं त्याला डॉक्टरांनी समजावून सांगितलेलं. नळी जराशी वळली, पडद्यावरचं पिवळंही वळलं, आणि त्याच वेळी पोटात कोणीतरी आतून बोट फिरवल्यासारखं झालं. तेव्हा त्याला कळलं की टीव्ही ठीक आहे. पिवळा तोच आहे. आतून.

"हे काय आहे?" डॉक्टर ओमप्रकाश म्हणाले. मग पुजा सिस्टरकडे वळले. "पित्त असं नसतं. याला उपाशी ठेवलं होतं ना?"

"रात्रीपासून, सर. मी स्वतः विचारलं. पाण्याचा घोटही नाही म्हणाला."

शिवहारला सगळं माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. अशी पाळी त्याच्यावर जन्मात पहिल्यांदा आली होती. गप्प बसणं त्याला लेकरू होता तेव्हापासून जमलेलं नव्हतं. बोअरमध्ये पडलेल्या मोटरी काढायचा त्याचा धंदा. साखळीनं ओझं वर ओढायच्या चेनकुप्पीवर हात आणि तोंड दोन्ही एकदमच चालायचे. त्याचा जोडीदार वसराम म्हणायचा, "दादा, मोटर काय फासानं येत न्हाई, तुमच्या बडबडीला कटाळून वर येती." आणि आज घशात कडू फवारा, जीभ दुसऱ्याच कोणाची तरी, दंडातल्या गुंगीच्या सुईनं डोक्यात एक मऊ मेंढी बसवून दिलेली. बोलायचं ते सगळं कड्याच्या अलीकडंच अडत होतं.

(भंडारा हाये साहेब. मायनं दिला.)

"आजींना बोलवा दारापाशी."

दार अर्धं उघडलं. पडद्यावरची नजर हलवणं शिवहारला शक्य नव्हतं, पण आईच्या पायातल्या वाळ्यांचा आवाज उंबऱ्याशी येऊन थांबला तो त्याला कळला.

"आजी, पोराला सकाळी काय खाऊ घातलं?"

"काईच न्हाई बाबा. पान्याचा थेंबबी न्हाई."

"मग पोट पिवळं काहून झालं?" डॉक्टर एरवी पुस्तकातलं बोलायचे. रागावले की मात्र त्यांची जीभ सरळ आखाडा बाळापूरकडच्या त्यांच्या तांड्याची वाट धरायची.

बनाबाईचे वाळे वाजले. "त्यो भंडारा व्हय."

"काय?"

"खंडोबाचा भंडारा. निघताना जिभीवर ठिवला. पोटातलं काम, देवाला इचारल्याबिगर लेकराला आत धाडू व्हय?"

"मी उपाशी सांगितलं होतं आजी!"

"उपाशीच हाये की. भंडारा काय जेवन हाये? हळदीनं कोनाचं पोट भरलं का कवा?"

"किती दिला?"

"चिमटभर."

"मी टीव्हीवर बघून राहिलो इथं. चिमूट न्हाई, मूठ हाये."

"मंग मूठ असंल," बनाबाई म्हणाली. "लहान देव हाये का त्यो?"

पुजा सिस्टरच्या तोंडावरचं फडकं हललं. डॉक्टरांनी लांब श्वास सोडला. तो शिवहारला मानेवर लागला. सकाळी हिंगोलीतल्या खोलीवर आईचा अंगठा त्याच्या तोंडात शिरला होता, अख्खा, लोकरीचा आणि मशेरीचा वास असलेला, आणि अंगठ्यामागून ते कोरडं, कडवट, दाताला लागणारं ढीगभर पिवळं. पाणी प्यायचं नाही हे डॉक्टरांचं, आणि भंडारा थुंकायचा नाही हे देवाचं. त्यानं दोघांचंही ऐकलं. लाळ गोळा करकरून तो भंडारा त्यानं गिळला, डोळ्यांत पाणी आलं तरी गिळला, आणि रिक्षात बसताना त्याला आपण फार शहाण्यासारखं वागल्याचं समाधान होतं. बायकोला, सत्यशीलाला, तो म्हणालाही, "बग, कोनाचंच मन मोडलं न्हाई." आता ते कोणाचंच न मोडलेलं मन पडद्यावर जठरभर लिंपलेलं दिसत होतं, नवरदेवाच्या अंगावर दिसतं तसं.

"पुढच्या महिन्यावर टाकावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या महिन्यावर. डॉक्टर औरंगाबादला असत. महिन्यातून एका रविवारी आपली नळी आणि टीव्ही गाडीत घालून आपल्या जिल्ह्यात येत आणि रात्रीच्या आत परत जात. तीन महिन्यांपूर्वी अशाच एका रविवारी शिवहारच्या पोटात पहिल्यांदा नळी गेली होती. त्याआधी तो कामावर चक्कर येऊन पडलेला. रक्त कमी भरलं म्हणून गोळ्या झाल्या, गोळ्यांनी भागेना म्हणून नळी. नळीला एक गाठ दिसली. तिचा कणभर तुकडा तपासायला गेला आणि पुढच्या महिन्याच्या खेपेला तिकडून एक नाव आलं. ते नाव शिवहारनं तीनदा म्हणून घेतलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरला. डॉक्टर म्हणाले होते, "लाखात एखाद्याला होते ही. वाईट म्हणावी तर फार वाईट नाही, चांगली तर नाहीच. हळू चालणारी जात आहे. पण जागेवर ठेवायची नाही." मग कागदाच्या पाठीवर त्यांनी एक टेकडी काढली आणि टेकडीखाली रेघ ओढली. "गाठीखाली मी सुईनं पाणी सोडतो. पाण्यावर गाठ उचलली, तर समजायचं ती वरच्यावर आहे. फास टाकून इथंच काढू. संध्याकाळी चालत घरी जाशील. नाही उचलली, तर मुळं खोल गेलीत. मग औरंगाबादला यायचं, पोट उघडायचं आणि जठराचा तुकडाच काढायचा."

फास हा शब्द ऐकून शिवहार खुर्चीत सरसावून बसला होता. आपल्याच धंद्यातला माणूस भेटल्यासारखं. घरी येऊन सत्यशीलाला त्यानं ‘उचललं तर’पर्यंतच सांगितलं, अगदी हातवारे करून, फास कसा पडेल, कसा आवळेल. तिनं विचारलं, "आन न्हाई उचललं तर?" तो म्हणाला, "उचलतंच." ती म्हणाली, "मोटरीचंबी असंच म्हनता तुमी," आणि भांडी घासायला गेली. पुढचं अर्धं त्याच्यापाशीच राहिलं. दोन महिने ते त्याच्यापाशी होतं. तो बोलका माणूस. त्याच्या पोटात काही राहत नाही असं सगळे म्हणत.

"सर, धुऊन बघायचं का?" पुजा सिस्टर म्हणाली. "दाणा काही नाही. नुसती हळद तर आहे."

पडद्यावर मग पाण्याची धार दिसली.

पिवळं सुटायला लागलं. आधी धारेच्या तोंडाशी एक गुलाबी ठिपका उघडा पडला, मग त्या ठिपक्याची वाट झाली, वाटेचं शेत झालं. पिवळं पाणी घळीघळीतून खाली उतरून एका खोलगट जागी जमायला लागलं आणि नळी तिथं जाऊन ते सुर्र करून ओढून घ्यायला लागली. पोटात गार. गार, पण बाहेरून लागतं तसं नाही. आपण विहीर असतो आणि आपल्यात कोणी पोहरा सोडला असता तर लागलं असतं तसं. शिवहार बघत राहिला. त्याला वाटलं होतं आत काळोख असेल, बोकड कापल्यावर दिसतं तसलं काहीतरी राखाडी, वास मारणारं. हे तर ओलं, चकचकीत, गुलाबी, वाऱ्यानं हललेल्या रेशमी लुगड्यासारखं सुरकुत्यांचं. एवढी ओल आपल्यात होती? शिरड शहापूरच्या माळावर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन आम्ही ओलीसाठी कुठं कुठं हिंडलो, आणि ही एवढी ओल घेऊन हिंडत होतो. त्याला हसू आलं. कड्यामुळं ते हसू लाळेतून ट्रेमध्ये पडलं.

"त्रास होतोय का शिवहार?"

(न्हाई. चालू द्या.)

बोअरमध्ये बघायचं तर उन्हाला आरसा धरायचा. आरसा म्हणजे सत्यशीलाचा, कपाटावरचा, कडेला तिच्या टिकल्या चिकटवलेला. "माझा आरसा न्या आन फोडून आना," ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी तो फडक्यात बांधून द्यायची. बोअरच्या तोंडाशी वाकून तो आरसा असा तिरपा करायचा की उन्हाचं एक नाणं आत पडायचं. नाणं खाली खाली जायचं, केसिंगचा पाइप संपून काळा दगड लागायचा, दगडावर टिकल्यांच्या सावल्या पडायच्या, आणि मग पाणी. पाण्याखालचं काही दिसत नसे. तिथून पुढं हाताचं काम. पाइप जोडत जोडत फास सोडायचा, पाइपाला कान लावायचा, आणि खाली लोखंडाला लोखंड लागलेलं बोटात ओळखायचं. वर माणसं गोळा झालेली, मालक दर दोन मिनिटांनी विचारतोय लागली का, लागली का, आणि शिवहार बोलतोय, बोलतोय, कारण बोलणं थांबलं की खाली काय आहे ते आपल्याला माहीत नाही हे लोकांना कळेल. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही आजच सांगितलं, कडं दातांत धरून.

कडं.

कड्याची चव ओळखीची होती. प्लास्टिकची नव्हे, अडकलेपणाची. कोवळ्या ओल्या पाल्यावर मेंढी तुटून पडली की तिचं पोट फुगायचं, डावी कूस ढोलासारखी. तेव्हा त्याचा बाप, प्रभू, कडुलिंबाची अंगठ्याएवढी काडी तिच्या तोंडात आडवी घालून लगामासारखी मानेमागं बांधायचा. मेंढी ती काडी चघळत राहायची, लाळ गाळत राहायची, आणि चघळता चघळता पोटातली हवा वर यायची. तोवर डोकं धरायचं काम शिवहारचं. मेंढीचं डोकं मांडीवर, तिचा आडव्या बाहुलीचा पिवळा डोळा त्याच्याकडं. तो तिच्याशी बोलायचा. घाबरू नको, सुटतंय, सुटलं बघ. तिला काय समजत असेल असं त्याला तेव्हा वाटे. आता पुजा सिस्टरचा तळवा त्याच्या कानामागं होता, कोणी तिला सांगितलेलं नसताना, आणि त्याला कळलं की मेंढीला सगळं समजत होतं. शब्द नव्हे. तळवा. त्या माळावर, दुसऱ्याच्या रानात बसवलेल्या कळपात, मेंढी सुटकेचा ढेकर द्यायची तेव्हा बाप काडी काढून फेकून द्यायचा आणि म्हणायचा, "झालं." दिवसभरातला त्याचा तेवढाच शब्द. बाप न बोलणारा होता. घरातलं सगळं बोलणं शिवहारच्या वाट्याला आलं होतं.

पडद्यावर: सगळं गुलाबी. एका कोपऱ्यात अजून पिवळं.

"ते राहिलं सर," पुजा सिस्टर म्हणाली.

"ते धुऊन जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. "ती गाठ आहे."

भिजवलेल्या हरभऱ्याएवढी. वरून गुळगुळीत, जराशी पिवळसर, मधोमध खळगी. एवढ्या मोठ्या गुलाबी रानात ती एकटीच बसली होती, कोणाच्या अध्यात न मध्यात. शिवहारनं तिचा राग करायचं ठरवलं होतं. दोन महिने तो रात्री पोटावर हात ठेवून तिला शिव्या घालत आला होता. आता समोर बघून शिवी आठवेना. मागच्या खोलीत कोणी भाडेकरू बरीच वर्षं राहत असावा आणि आपल्याला आजच तोंड दिसावं, तसं. कधी आली असेल? सीमाच्या जन्माच्या वेळी होती का? लेकीच्या बारशाला त्यानं चार घास जास्त खाल्ले तेव्हा ते हिच्या अंगावरून गेले असतील. उन्हात बोअरवर प्यायलेलं ताक, वसरामच्या तांड्यावरच्या लग्नातलं मटण, सत्यशीला रुसली होती त्या दिवशी त्यानं स्वतः थापलेली जाड, अर्धी कच्ची भाकर. सगळं हिनं पाहिलंय.

आणि त्याला बरं वाटत होतं. हीच गोष्ट त्याला सारखी बोचत होती. दाराबाहेर आई होती, तिला वाटत होतं दात काढतात तसलं काहीतरी आहे. सत्यशीला होती, तिला अर्धं माहीत होतं. आतमध्ये त्याचं पोट फाडायचं की नाही ते ठरत होतं, आणि हा इथं असा पडलाय, सुखात, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा. माणसाला भ्यायला हवं. सुईचं असेल. पण नुसती सुई नव्हती. आयुष्यभर तो वर उभा होता आणि खाली कोणीतरी अडकलेलं होतं. आज तो खाली होता. वर दुसराच माणूस वाकला होता. त्याच्या कपाळावर घाम होता, त्याच्या हातात फास होता, जबाबदारी सगळी त्याची होती. बोअरला काही करावं लागत नाही. नुसतं उघडं राहावं लागतं.

"सुई," डॉक्टर म्हणाले.

नळीच्या तोंडातून दुसरी बारीक नळी आली आणि तिच्या तोंडातून सुई, बाभळीच्या काट्याएवढी. ती गाठीच्या कडेला टोचली. दुखलं नाही. पडद्यावर टोचलं आणि दुखलं नाही, म्हणजे ते पोट दुसऱ्याचंही असू शकतं असं त्याला क्षणभर वाटून गेलं.

"सोडा."

पुजा सिस्टरनं पिचकारीचा दट्ट्या दाबला. अलीकडची कड जराशी वर आली.

पलीकडची नाही.

डॉक्टरांनी सुई काढली, जागा बदलली, पुन्हा टोचली. "सोडा." पाणी गेलं. अलीकडून गाठ आणखी वर आली आणि पलीकडून तशीच खाली, धरून ठेवल्यासारखी. कलली. आता ती टेकडी नव्हती, एक बाजू खचलेला बांध होता. डॉक्टरांच्या घड्याळाचा आवाज शिवहारच्या कानाशी येत होता आणि

नर्मदाबाई.

कुरुंद्याची नर्मदाबाई, हळदीच्या मळ्यातला तिचा बोअर. मोटर गाळात एका बाजूनं रुतलेली. वसराम म्हणाला होता, दादा, आधी पाणी सोडून गाळ ढिला करू, एका अंगानं धरून राहिली ती. शिवहारला घाई होती. दुसऱ्या गावाला कबूल केलेलं होतं, माणसं बघत होती, तोंड चालू होतं. त्यानं फास आवळला आणि चेनकुप्पी ओढली. लोखंड खालून ओरडलं. मग दोर तुटला आणि सगळं हलकं झालं, एकदम, हातात काहीच नाही असं हलकं. मोटर आडवी होऊन कायमची बसली. नर्मदाबाई बोअरपाशी आली, आत बघितलं, तिथं दिसण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणाली, "जाऊ द्या. तोंडावर दगड ठिवा मोठा, लेकरं खेळत्यात इथं. आन च्या घेऊन जा." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो चहा पिताना शिवहार एक शब्द बोलला नव्हता. वसरामनं परतीच्या वाटेवर दोनदा विचारलं, दादा, बरं हाये ना?

तेव्हाचं ते हलकं हातात आलं. आता, पडद्याकडं बघताना. भीती आली ती अशी मागच्या दारानं आली आणि सरळ पोटात न जाता हातात गेली. (ओढू नका. साहेब, ओढू नका, एका अंगानं धरून राहिली ती.) औरंगाबाद. पोट उघडायचं. उरलेलं अर्धं आता सत्यशीलाला कोण सांगणार? तो सांगणार होता, ते कसं, कुठं, तिचे हात पिठात असताना की रिकामे असताना? जठराचा तुकडा. चेनकुप्पी वसरामला देऊन टाकावी लागेल. पोटाला टाके घेतलेला माणूस काय ओढणार.

"आपण पलीकडून जाऊ," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. नळी पुढं सरकली, पोटात वळली, इतकी वळली की पडद्यावर नळीनं स्वतःलाच पाहिलं: वरून येणारा काळा दोर, आणि खाली, मागच्या अंगानं दिसणारी गाठ. मागून ती वेगळी दिसत होती. गरीब. सुई गेली.

"सोडा. हळू."

काही नाही.

"सोडा."

काही

आणि मग पलीकडची कड सुटली. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकावी, ती एका बाजूनं फुगून थांबावी, वाटावं की फुटणार आता, आणि तेवढ्यात वाफेनं वाट काढून ती सगळीच्या सगळी टम्म व्हावी, तशी ती गाठ फुगल्या गादीवर वर आली. चहूबाजूंनी. खालून निळसर पाणी दिसायला लागलं.

"उचललं," डॉक्टर म्हणाले.

"उचललं सर!" पुजा सिस्टर जरा मोठ्यानंच म्हणाली.

दाराबाहेरून बनाबाईचा आवाज आला, "काय उचललं? लेकराला खाली ठिवा म्हनावं!"

शिवहारच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते नळीमुळं येतंच, असं सिस्टरनं आधी सांगितलं होतं. म्हणून ते कोणी मोजलं नाही.

फास आला. बारीक तारेचा, बाहेर येताच आपोआप गोल होणारा, आणि त्याला बघून शिवहारचं सगळं अंग ओळखीनं भरून आलं. फास गाठीवरून उतरला, खाली बसला, आवळला. आता ओढा, शिवहार मनात म्हणाला, आता! पण डॉक्टरांनी फास ढिला केला. सोडलाच. (सोडला काहून? लागलेली मोटर कोनी सोडतं व्हय?) डॉक्टरांनी गाठ जराशी वर तोलली, ढिला फास हलवला, तारेत आलेलं खालचं काहीतरी निसटून परत आपल्या जागी गेलं, आणि मग त्यांनी तो पुन्हा, सावकाश, वरच्यावर आवळला. शिवहारला ते उमगायला वेळ लागला. धरलेल्यातलं जे आपलं नाही ते सोडून द्यायला त्यांनी पकड ढिली केली होती. तो वीस वर्षं फास टाकत आला आणि हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. उलट, एखाद्या गावची वाट आपल्याला माहीत होती त्याहून सोपी निघावी, तसं झालं.

डॉक्टरांच्या पायाखाली पेडल दाबलं गेलं, तारेत वीज गेली. पडद्यावर धूर. आपल्या पोटात धूर. तार मिटली आणि गाठीच्या जागी पांढरट, स्वच्छ, वाटीसारखा खळगा. रक्त नाही. आणि गाठ नाही.

"कुठं गेली?" सिस्टर म्हणाली.

गाठ घरंगळली होती. खालच्या उरलेल्या पाण्यात कुठंतरी. आणि आता गंमत अशी की डॉक्टर, सिस्टर आणि शिवहार तिघंही तिला शोधायला लागले, मघाशी जिला घालवायचं होतं तिला. ती हवी होती. तपासल्याशिवाय कडा साफ आहेत का ते पक्कं कळणार नव्हतं. पाणी ओढलं, घड्या उलगडल्या, नळी आतड्याच्या तोंडाशी जाऊन वाकून आली. शिवहारला ती दिसली, एका घडीमागं, तिची पिवळी पाठ. (तिथं! उजव्या अंगाला. नाही, माझ्या उजव्या.) डॉक्टरांनाही दिसली. जाळीत घेऊन नळी निघाली. पडद्यावर अन्ननळीचा बोगदा मागं मागं पळाला, घसा, दात, एकदम दवाखान्याचा पांढरा दिवा. कडं निघालं. तोंड मिटेना. इतका वेळ उघडं राहिल्यावर तोंडाला मिटायचं कसं ते आठवावं लागलं.

"छान झालं," डॉक्टर हातमोजे काढता काढता म्हणाले. "तुकडा जाईल तपासायला. पण माझ्या डोळ्यांना तरी खाली काही राहिलेलं दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. आणि आजी," ते दाराकडं बघून म्हणाले, "पुढच्या वेळी भंडारा कपाळाला."

"तुमालाबी लावते, या," बनाबाई म्हणाली.

आणि औरंगाबादच्या त्या डॉक्टरनं खरोखरच मान खाली केली.

दुपार बरीच कलली तेव्हा शिवहार बाजूच्या खोलीत होता. घसा अजून लाकडाचा. बोलू नको म्हणून सांगितलेलं. बनाबाई कॉटच्या पायथ्याशी भुईवर बसून डोळा लावून घेत होती. सत्यशीला खिडकीपाशी उभी राहून स्टीलच्या ग्लासात दूध ओतत होती, गार, पिशवीतलं. "हे काय दूद हाये?" बनाबाई डोळे मिटूनच म्हणाली. "हिरीचं पानी हाये पांढरं." सत्यशीलानं ऐकलं न ऐकलं केलं आणि ती कॉटवर टेकली.

"उचललं म्हने," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली.

"मला ठाऊक होतं दुसरं. न्हाई उचललं तर काय, ते. मागच्या येळीच पुजाबाईला इचारलं मी."

शिवहारनं तिच्याकडं पाहिलं. दोन महिने. दोन महिने ती भांडी घासत होती, पीठ मळत होती, आरसा फडक्यात बांधून देत होती.

"असं काय बगता? तुमी बोलला न्हाईत म्हनून मी बोलले न्हाई. म्हनलं, येवढं एक तरी ऱ्हाऊ द्या त्यांच्यापाशी." तिनं चमचा भरला. "औरंगाबादला जायचं झालं असतं तर सीमाला माझ्या मायकडं ठिवायचं ठरवून ठिवलं होतं. बॅगबी भरली होती. आता रिकामी करते घरी जाऊन. करा आ."

खिडकीबाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती, कोणीतरी हिंदीत कोणाच्या तरी बापाचा उद्धार करत होतं. चमचा ओठाला लागला. दूध जिभेवर आलं, जीभ अजून बधिर, तरी गारवा कळला. त्यानं गिळलं आणि डोळे मिटून त्याच्या मागोमाग गेला. घशाच्या वळणावरून खाली. लांब, सरळ बोगदा. मग ती दारासारखी जागा, आणि मग ते एकदम मोठं, ओलं, गुलाबी रान. दूध घडीघडीतून उतरत होतं. पांढऱ्या खळग्याजवळ आलं. शिवहारनं श्वास धरला. दूध खळग्याच्या कडेकडेनं, न थांबता, गार गार पुढं गेलं. दुखलं नाही. जन्मभर तो जेवत आला होता आणि घास घशाखाली गेला की त्याचं पुढं काय होतं ते त्याला माहीत नव्हतं.

त्यानं डोळे उघडले. सत्यशीला चमचा हातात धरून थांबली होती. त्याला त्रास झाला की काय, ते ती बघत होती.

त्यानं पुन्हा आ केला.